आपल्याला झेपेल असं कॉलेज

"टक्के बेताचेच आहेत," गुणपत्रिकेवरची नजर न हलवता आगाशे सर म्हणाले. "आपण उगाच उंच उडी मारायला नको."

शालू खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. आगाशे सर निवृत्त प्राध्यापक. जून महिना लागला की नारायण पेठेतल्या त्यांच्या खोलीत पोरांची रीघ लागायची. किती मार्कांना कुठलं सरकारी कॉलेज मिळेल हे ते फुकट सांगत, आणि फुकट सांगत असल्यामुळे टोमणेही मोकळ्या हातानं मारत. शालूची लेक तनुजा आईला वारज्याहून इथं घेऊन आली होती. "तुझ्याशिवाय जमायचं नाही," एवढंच म्हणाली होती.

तनुजाचे वडील सर्जेराव, म्हणजे घरातले अण्णा, रान बिल्डरला देऊन मोकळे झाले होते आणि आता त्यांना पोरीतूनही मोकळं व्हायचं होतं. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर शिकू दे, नाहीतर दिवाळीनंतर लग्नाचा बार उडवून टाकू, असं त्यांनी जाहीरच केलं होतं. शालूची स्वतःची बारावी अशीच वाया गेली होती. निकाल लागला तेव्हा ती हळदीच्या अंगानं बसली होती. पास झालीस, असं कुणीतरी येऊन सांगितलं. टक्के विचारायची ती वेळ नव्हती. पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मात्र तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"सर, कम्प्युटरचं काय मिळंल का?" तिनं धीर करून विचारलं.

सरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "आपल्याला कम्प्युटर हवाय?"

"आता त्याच्याबिगर कोण इचारतंय? आमच्याकडच्या समद्या बिल्डिंगा कम्प्युटरवाल्या पोरांनीच भरल्यात."

"इच्छा उत्तम आहे. पण प्रवेश इच्छेवर देत नाहीत. गणित घेतलेलंच नाही आपण."

शालू गोंधळली. तनुजा दोन वर्षं गणिताच्या क्लासला जात होती. तो गणिताचा नव्हता, तर मग कसला होता? तिनं पोरीकडे पाहिलं. पोरगी खिडकीबाहेर बघत होती.

"मराठीत मात्र छान आहेत," सर म्हणाले.

हे तर आणखीनच नवल. मराठीत तनुजा जेमतेम निघाली होती. सर दुसऱ्याच कुणाचा कागद तर बघत नाहीत ना? पण एवढ्या शिकलेल्या माणसाला तसं विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? शालू गप्प बसली आणि गप्प बसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

"मराठी घेऊन बी. ए. करावं. सरकारी कॉलेज, सकाळची वेळ. दुपारी घरी. स्वयंपाकपाणी सांभाळून आपल्याला झेपेल."

"सैपाकाचं मी बघते की, सर. त्याच्यावरनं कशाला अडायचं?"

"तो आपल्या घरातला प्रश्न. मी त्यात पडत नाही."

सर दर वाक्यात 'आपण' आणि 'आपल्याला' म्हणत होते. जणू तिघांनी मिळूनच कॉलेजात जायचं होतं. बोलणं तिरकं असलं तरी माणूस आपलेपणानं बोलतो, असं शालूला वाटलं आणि तिला जरा बरं वाटलं.

"आता एकच अडचण," सर म्हणाले. "गॅप फार आहे."

"वारजं लांबच हाय तसं. पण बस हाय की."

सर हसले नाहीत. त्यांनी गुणपत्रिका खाली ठेवली. "भीती वाटते का?"

"वाटती की." शालू खुर्चीत पुढं सरकली. "ह्या खेपंला नाय जमलं तर माझ्यासारखीच चुलीपुढं बसंल ती. मार्क कमी असतील सर, पण पोरगी मन लावून करंल. तेवढा तिचा नंबर लावा."

सरांनी चष्मा काढला. मग ते तनुजाकडे वळले. "तू यांना काहीच सांगितलेलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ती आलीच नसती," तनुजा म्हणाली. आईचा हात तिनं हातात घेतला. "आई, माझं कालच झालं. सरकारी पॉलिटेक्निक, कम्प्युटर. अण्णांना सकाळीच सांगितलंय."

शालूला एकदम हायसं वाटलं. मग तिची नजर टेबलाकडे गेली. "मग हे सगळं कुणाचं चाललंय?"

"आपलं," सर म्हणाले.

"आपलं म्हंजी?"

सरांनी तिचंच नाव असलेली जुनी गुणपत्रिका आणि प्रवेश अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "इथं आपण सही करायची. खाली पालकांची. पालक कोण?"

"मी," तनुजा म्हणाली.