पाच हिवाळ्यांचे टायर

"हे स्वस्तातले दोन हिवाळे जातील, हे महागडे पाच," कॅनडातला टायरवाला आम्हाला समजावत होता. "तुमचा मुक्काम किती, त्यावर ठरवा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. संक्रांतीपर्यंत कायमचं सांगलीला परतायचं, असं त्यानंच फोनवर माझ्या आईला सांगितलं होतं. त्याची ही दोन सीटची स्पोर्ट्स कार त्याआधी विकायची होती. मग तिला विंटर टायर कशाला, असं मी घरातून निघतानाच विचारलं. "गिऱ्हाईक मिळेपर्यंत बर्फात चालवायला नको?" म्हणाला. मला पटलं. म्हणजे, मी पटवून घेतलं.

"स्वस्तातलेच घे," मी म्हणाले. तो महागड्या टायरच्या खाचांतून बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता टायरवाल्याला म्हणाला, "पाचवाले बसवा."

टायर बसले. त्यानं जॅकेटच्या खिशातून चार लिंबं काढली आणि वाकून एकेका चाकाखाली ठेवली. गाडी घेतली तेव्हा ठेवली होती, अगदी तशीच. म्हणजे लिंबं तो घरूनच घेऊन आला होता. विकायच्या गाडीला कोणी लिंबं ठेवत नाही, एवढं मलाही कळतं.

"आईला काय सांगू?" मी विचारलं.

"बस आधी. बर्फ सुरू झालाय."

बसले. जाणार कुठे? चाकांखाली लिंबं फुटल्याचा आवाज आला. टायरवाला दारातून हसून हात हलवत होता. बघता बघता रस्ता पांढरा झाला, आणि गाडी तसूभरही घसरली नाही.