सगळं खाल्लं

सापाशोचे मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले आणि तो स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा पडला. भोपळ्याच्या रंगाचा तो दांडगा बोका, पण आता त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. रोमिनाने त्याच्या कानाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्राकडे पाहिलं.

"साखर एकतीस," ती टेबलावरच्या फोनला म्हणाली.

फोनवर गुरांचे आणि मांजरांचे डॉक्टर वाल्टर होते. रविवार होता, ते मेव्हण्याच्या अंगणात मांस भाजत उभे होते. निखाऱ्यांचा तडतडाट इथपर्यंत ऐकू येत होता.

"मध घे. बोटाने हिरड्यांना चोळ. घशात ओतू नकोस, ठसका लागेल. इन्सुलिन कधी दिलंस?"

"सातला. नेहमीएवढंच."

"त्याआधी खाल्लं होतं त्याने?"

रोमिनाचं बोट मधाच्या बरणीत होतं. तिने मान वळवून टेबलावरची वही पाहिली. वही तिच्या आईची, नेलिदाची. फळ्यावर लिहावं तशी गोल, सुटी अक्षरं.

"वहीत आहे. सकाळी सहा. उकडलेली कोंबडी. सगळं खाल्लं. दुखण्याचं औषध दिलं."

"बाईंनी लिहिलंय? मग खरंच असणार." डॉक्टर हसले. "शाळेत एका चुकलेल्या शब्दासाठी त्यांनी मला पानभर लिहायला लावलं होतं. पण मग साखर एवढी उतरली कशी? पोटात अन्न असलं तर सहसा अशी उतरत नाही."

नेलिदा दाराशी उभी होती. हातातल्या तुंब्यातला माते नावाचा चहा केव्हाच संपला होता, तरी ती नळीने ओढत होती.

"वाल्टर," ती म्हणाली, "सगळं म्हणजे... थोडं खाल्लं असेल."

"थोडं म्हणजे किती, बाई?"

"वास घेतला."

निखारे तडतडत राहिले. कुणीतरी लांबून डॉक्टरांना जेवायला हाक मारली.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"आणि कोंबडी?" रोमिनाने विचारलं.

"शेजारच्या कुत्र्याला."

"आई, मी उपाशी पोटावर सुई टोचली त्याला!"

"तू ओरडतेस. कामावरून आलीस की पर्स खाली ठेवायच्या आत सुरू. खाल्लं का, खाल्लं का. घरात यायचं तर आधी उत्तर तयार ठेवायचं. मला काय माहीत, लिहिल्याने एवढं होतं म्हणून."

"तुझ्यासमोर सांगितलं होतं डॉक्टरांनी. खाल्लं नाही तर सुई द्यायच्या आधी फोन करा. दोनदा सांगितलं."

"पोरी, भांडण नंतर," फोन म्हणाला. "मध चोळ."

रोमिना चोळत राहिली. जरा वेळाने बोक्याचा जबडा हलला. मग जीभ बाहेर आली आणि तिच्या बोटावरून फिरली. तिने पुन्हा कान टोचला. अडुसष्ट.

"छान. आता ऐक. त्याचं स्वादुपिंड सुजलंय, पोटात आग पडल्यासारखं होत असणार. दुखतंय म्हणून खात नाही, हट्ट नाही करत तो. आधी दुखणं थांबवायचं, मग तो खाईल, मग साखरेचं बघू. सकाळचं औषध दिलंय म्हणता, तर आता दुपारचं लवकर देऊन चालेल का, ते ठरवतो. किती पिचकाऱ्या उरल्यात?"

रोमिनाने फ्रिज उघडला. दारातल्या पेल्यात बिनसुईच्या पिचकाऱ्या होत्या, भरलेल्या, टोपणं लावलेल्या. डॉक्टरांनी शुक्रवारी नऊ दिल्या होत्या.

"नऊच्या नऊ," ती म्हणाली.

फोनवर गाडीच्या किल्ल्या खुळखुळल्या. मग डॉक्टर म्हणाले, "एक गालात सोड. मी निघालोच."

फोन बंद झाला. रोमिनाने सापाशोचा ओठ बाजूला करून औषध आत सोडलं.

"आता बघ," नेलिदा म्हणाली. "शुक्रवारी दवाखान्यात दिलं तेव्हा कसा झाला होता! डोळे काळे, मोठे. दारूड्यासारखा भिंतीकडे बघत बसला. ह्याला काय जगणं म्हणायचं?"

रोमिनाने फ्रिजमधल्या कोंबडीचे तुकडे बशीत टाकले. दोघी फरशीवरच बसून राहिल्या. बाहेर साल्तो शहराची दुपार चढत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाऊण तासाने सापाशो उठला. त्याचे डोळे खरंच काळे आणि मोठे झाले होते. तो डुलत बशीपाशी गेला, कोंबडीचा एक तुकडा हुंगला आणि खाल्ला. मग दुसरा. कूर्चा चावल्याचा आवाज आला.

नेलिदा त्याच्या हलत्या जबड्याकडे बघत होती.

रोमिनाने हातावरचा मध फडक्याला पुसला. बराच वेळ पुसला.

"आई, बाबा गेल्यावर त्यांचं कपाट मी आवरलं. त्यांच्या दुखण्याच्या थेंबांची बाटली निघाली होती. जवळजवळ भरलेली. मी ती नळाखाली ओतून टाकली. मला वाटलं, पहिली संपली असेल, ही दुसरी आणली असेल."

"एकच होती," नेलिदा म्हणाली.

सापाशो बशी चाटत होता.

"एकदाच दिलं होतं मी. शांत झोपले. उठले आणि मला 'सिस्टर' म्हणून हाक मारली."