मुगिलनचा पहिला शो

"सर, तुमच्या घरी पोराचे डायपर कोण बदलतं?"

तेनमोळीनं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मागच्या रांगेत जेनिफर आणि सेल्वी एकमेकींना चिमटे काढत खिदळत होत्या. हे विचारून दाखवलंस तर डबाभर शेंगदाण्याची चिक्की, अशी पैज होती. आणि दहावीत गेल्यापासून तेनमोळीनं पैजा हरणं सोडून दिलं होतं.

कोविलपट्टीच्या वेलन थिएटरात पिक्चर नुकताच संपला होता. न बोलणाऱ्या, न चालणाऱ्या मुलाला एकट्यानं वाढवणाऱ्या बापाची गोष्ट. अख्खं थिएटर नाकं ओढत होतं. दिग्दर्शक खास चेन्नईहून आले होते. गळ्यात सत्काराची शाल घालून ते पडद्यासमोर उभे होते, आणि आता त्यांचे कान लालभडक झाले होते.

"माझी बायको," ते म्हणाले. "खरं सांगतो. मी फक्त पिक्चरमधल्या बापाला बदलायला लावले."

काय शिट्ट्या वाजल्या! बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "तलैवा, खरं बोललास, जिंकलास!" मग दिग्दर्शकही हसले. "आणि तुझ्या घरी गं, बाळ?"

"मी बदलते. नाहीतर अम्मा. रविवारी अप्पांची पाळी." हे काही पैजेत नव्हतं, पण माइक हातात होता. "माझा धाकटा भाऊ आहे, मुगिलन. नऊ वर्षांचा. तुमच्या पिक्चरमधल्या मुलासारखाच. फक्त आमचा जास्त हसतो."

खिदळणं थांबलं.

"मग कुठाय तो?" दिग्दर्शक पायऱ्या उतरून पुढे आले. "आण ना इकडे. मला भेटायचंय त्याला."

तेनमोळीनं वळून अम्मा-अप्पांच्या रांगेकडे पाहिलं. डोळे पुसणारा अम्माचा पदर गालावरच थांबला होता. अप्पा अर्धवट उठले.

"घरी आहे, सर. शेजारच्या अक्कांकडे ठेवलाय," ते म्हणाले. "तो ओरडतो हो. खूश झाला की जास्तच. लोकांना पिक्चर ऐकू द्यायचा नाही, म्हणून..."

वाक्य तिथंच राहिलं. मघाशी त्यांच्या शेजारी बसून हुंदके देणाऱ्या बाई मान खाली घालून पायात चप्पल शोधू लागल्या.

बाहेर आवारात वेगळीच धांदल. पोंगलच्या सणाला येणाऱ्या पिक्चरच्या हीरोचा तीन मजली कटआउट उभारला जात होता. पोरं दोर ओढत होती. "अरे, डावीकडे! डावीकडे! तलैवाच्या मिशीला वायर लागतेय!" एकजण ढोल बडवून बघत होता. अम्मानं कानांवर हात ठेवले.

तेनमोळी मध्येच थांबली.

"अप्पा, दिवाळीला या हीरोच्या पिक्चरच्या पहिल्या शोला तुम्ही शर्ट काढून गरागरा फिरवला होता ना?"

"हळू बोल," अप्पा म्हणाले. "माझ्या ऑफिसातले लोक आहेत इथं."

"तेही तुमच्याबरोबर खुर्चीवर चढून नाचत होते. एक तरी डायलॉग ऐकू आला होता का कोणाला?"

"पहिल्या शोला डायलॉग ऐकायला कोण जातं?" अप्पा फटकन म्हणाले.

आणि मग स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलं. त्यांनी कटआउटकडे पाहिलं, ढोलवाल्याकडे पाहिलं, आणि ते चष्मा काढून उगाचच पुसत राहिले.

"मुगिलनची चाकांची खुर्ची कशी न्यायची पण?" अम्मा म्हणाली. नको असं ती म्हणाली नाही. "केवढा जिना आहे."

"जिना बाल्कनीला आहे, अम्मा. खाली पहिल्या रांगेपर्यंत चाकं सरळ जातात."

"कागदाचे कपटे उडवतात. त्याच्या तोंडात जातील."

"मी काढीन."

"घाबरला तर?"

"तर उचलून बाहेर आणू. पण अम्मा, आपल्या घरात मिक्सर लावला तरी तो टाळ्या पिटतो. ढोलाला घाबरेल?"

अम्माला हसू फुटलं. तेच हसू डोळ्यांतून वाहायला लागलं, तशी ती पदर शोधू लागली. चार पावलांवरून जेनिफर ओरडली, "ए तेनू, चिक्की नकोय का?" तेनमोळीनं नुसता हात हलवला.

वर तलैवाची मिशी वायरीतून सुटली आणि सगळं आवार एकदम ओरडलं. तेनमोळीही ओरडली. मग केस मागे सारून, दोन्ही हात कमरेवर ठेवून ती अम्मा-अप्पांसमोर उभी राहिली.

"मी ठरवलंय. पोंगलच्या पहिल्या शोला मुगिलन येणार. शिट्ट्या माझ्याकडे, ओरडणं त्याच्याकडे. आणि अप्पा, या वेळी दोन शर्ट घालून या. एक त्याला फिरवायला लागेल."