फ्रेंचमधली सूचना

"फ्रेंचमध्ये लिहिलंय ना त्यावर? मग विषय संपला," गोदामप्रमुख फेर्नां अपघाताची चौकशी करायला आलेल्या तपासनिसाला म्हणाला. "ही आमची सोलांज. लेबलात एक मात्रा चुकली तर हिला दोन दिवस जेवण जात नाही. सांग गं, मजकूर बरोबर होता ना?"

सोलांज थिबोदोने टेबलावरच्या खोक्याकडे पाहिले. दूध काढण्याच्या यंत्रांच्या नळ्या धुण्याचे आम्ल त्यात अमेरिकेहून येई. मूळ छपाई इंग्रजी. तशीच ठेवून माल कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतात विकता येत नसे. म्हणून फ्रेंच सूचनेचे स्टिकर तिने लिहिले होते, तीनदा तपासले होते, आणि ते कोठे चिकटवायचे हेही तिनेच ठरवले होते.

मजकूर निर्दोष होता. फ्रेंच अक्षर इतर भाषेहून लहान असू नये, एवढेच भाषेच्या कायद्याचे म्हणणे. सोलांजने ते दुप्पट मोठे केले होते. "हे स्टिकर आहे की निवडणुकीचा फलक?" असे फेर्नांने तेव्हा चिडवले होते. ती हसली नव्हती. तिच्या आईला इंग्रजी येत नसे. मोरी साफ करण्याच्या भुकटीने आईचे हात भाजले, तेव्हा दुकानदार एवढेच म्हणाला होता, "डब्यावर लिहिलं होतं, बाई." डब्यावर केवळ इंग्रजी होते.

"मजकूर बरोबर आहे," सोलांज म्हणाली.

"म्हणजे लेबलावर लिहिलं होतं," तपासनीस लिहिता लिहिता म्हणाला. "कामगाराने वाचलं नाही."

"मी सकाळपासून तेच सांगतोय," फेर्नां म्हणाला. "चूक त्याची. शुक्रवारच्या विमानाने पाठवून देऊ परत."

दाराजवळच्या बाकावर विल्मेर बसला होता. ग्वातेमालाहून येऊन त्याला सहा आठवडे झाले होते. गळका खोका त्याने उघड्या हातांनी उचलला होता. आता दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. सोलांजची नजर पडताच तो अर्धवट उठला.

"माफ करा, मादाम," तो शब्द जुळवत म्हणाला. "संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला जातो मी. नाताळपर्यंत वाचता येईल."

सोलांज उठली. स्टिकरचा कोपरा तिने नखाने सोडवला आणि ते सावकाश ओढून काढले. एवढे मोठे स्टिकर मावेल अशी जागा खोक्यावर एकच होती. तेथे एक चित्र आहे, हे तिला ठाऊक होते. चित्राबद्दल भाषेचा कायदा काही म्हणत नाही, असा वादही तिने जिंकला होता.

"लिहून घ्या," ती तपासनिसाला म्हणाली. "हे मी झाकलं होतं."

पुठ्ठ्यावर एक उघडा तळहात होता, त्यावर पडणारा थेंब, आणि दोहोंवर लाल फुली. विल्मेरने चित्र पाहिले, आणि पट्ट्यांतले दोन्ही हात झटकन मागे घेतले.