नव्या कानांचा परवाना
श्रवणयंत्रांच्या दुकानातल्या मुलीने सदानंद धुरींच्या कानांवर नवे कान बसवले आणि कळ दाबली. "काका, ऐकू येतंय?"

येत होतं, लख्ख. डोक्यावर पंखा गरगरत होता, पण त्याची घरघर नव्हती. किती वर्षांनी ऐकलेला माणसाचा आवाज! ते अधीर होऊन बायकोकडे वळले. प्रमिलाचे ओठ हलले. सवयीने त्यांनी ते वाचले: "तुमका आयकाक येता मा?" आवाज मात्र आला नाही. घाबरून ते मालवणीत काही म्हणाले, तर स्वतःचाही ऐकू आला नाही.

"कानांत कंपनीची प्रणाली आधीच घातलेली असते," मुलगी म्हणाली. "तिला पुस्तकी मराठीच कळते. मालवणी म्हणजे तिला पंख्यासारखा गोंगाट, ती गाळून टाकते."

"मग दुसरी प्रणाली घाला," सदानंद जपून, पुस्तकी बोलले.

"परवाना रद्द होईल, काका. कान कायमचे बंद पडतील. त्यापेक्षा काकूंनीच जरा शुद्ध बोलावं."

प्रमिलाने पदर सावरला. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखी ती ताठ झाली. "आपल्याला माझा आवाज ऐकू येत आहे का?"

आला. स्वच्छ, आणि कुणा परक्या बाईचा वाटावा असा. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना कधी 'आपण' म्हटलं नव्हतं.

घरी पोचताच सदानंदांनी दोन्ही कान काढून डबीत ठेवले, खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि तिच्या ओठांवर नजर लावली.

"आता बोल गो," ते म्हणाले.