हलता हात

मुनियम्माने आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि हुलिगम्माच्या हातावर आवळला. "घे. तुला फार काळजी ना माझी? आता सांभाळ."

मग जयम्माने आपला बांधला, मग लक्कम्माने, मग एकेक करून सगळ्यांनी. हुलिगम्माचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. बाकीच्या बायका लिफ्टमागच्या खोलीत मांड्या घालून बसल्या आणि नाचणीच्या मुद्देचे गोळे सारात बुडवायला लागल्या.

"चाल की गं! हात थांबला की तिकडे साहेबांकडे बोंब होते."

ती चालू लागली. पुसलेलीच फरशी पुसू लागली.

चूक तिचीच, असं सगळ्यांचं मत. कंपनीने धाडलेली ती गोड पोरगी बायकांबरोबर जमिनीवर बसली, त्यांचा चहा प्यायली आणि म्हणाली, "अक्का, यंत्र तुमच्यासाठीच बनवतेय. काय हवं ते तुम्हीच सांगा." सगळ्या शहाण्यासारख्या गप्प राहिल्या. हुलिगम्माला तेवढा कंठ फुटला. मुनियम्मा संडासात चक्कर येऊन पडली, दुपारभर कुणाला पत्ता नव्हता; तर बाई पडली की कळेल असं काहीतरी कर, म्हणाली. पोरीने तस्संच केलं; हात हलायचा थांबला की बोंबलणारा पट्टा बनवला. पडलेल्या बाईचा हात हलत नाही. बसलेल्या बाईचाही हलत नाही, आणि साहेबांना पडलेलीपेक्षा बसलेली सापडण्यात जास्त रस. तीनदा पट्टा बोंबलला की बाई घरी. जेवणाची सुटी यंत्रात घालायचं कुणाला सुचलंच नाही.

"माझाही डबा आहे गं," हुलिगम्मा दारातून म्हणाली.

"खा की. चालता चालता खा."

सगळ्या हसल्या. मुनियम्मा सगळ्यांत जास्त. हुलिगम्माही कसनुशी हसली. आज चालले तर उद्या आपल्यात बसू देतील, एवढीच तिला आशा होती.

जिन्याचं दार उघडलं. सुपरवायझर नागरत्ना. आतल्या बायकांनी माना खाली घातल्या.

नागरत्ना पूर्वी याच इमारतीत फरशा पुसायची. तिने हुलिगम्माचे हात धरून नीट पाहिले. "कुणाचे हे?"

नावं घेतली असती तर सगळ्यांचा हिशेब तिथेच झाला असता. हुलिगम्मा खाली बघत म्हणाली, "माझेच, मॅडम."

नागरत्नाने खोलीकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही. अगदी मुनियम्मानेसुद्धा.

"मलाही बांधलाय साहेबांनी," नागरत्ना हळूच म्हणाली. "सगळे मजले फिरले की नाही, वर दिसतं. गुडघे गेले माझे."

तिने स्वतःचा पट्टा सोडला. हुलिगम्माच्या हातांवर जागा उरली नव्हती, म्हणून खाली वाकून तिच्या घोट्याला घट्ट बांधला.

"जिन्यानेच जा. थांबू नकोस."

मग ती खोलीत शिरली. "सरका गं जरा. मलाही वाढा."