नऊ दिवसांचं फिनिश

चारुताचं फिनिश नवव्या दिवशीच पक्कं झाल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा हेरंबची छाती फुगली. भाषेची सुई कुणालाही टोचून मिळते, पण ती अंगी लागते ज्याच्या त्याच्या आतल्या ओढीवर. हेलसिंकीतल्या नोकरीसाठी फिनिश शिकायला त्याला स्वतःला आठ महिने लागले होते.

"बघा डॉक्टर, नवऱ्याकडे यायची केवढी घाई!"

बाई हसल्या नाहीत. "नवऱ्याच्या ओढीने शिकणारीला तीन महिने तरी लागतात हो."

"मग नऊ दिवस कशाने?"

"वीस वर्षांत असे तिघेच पाहिले. तिघांनाही कुणावर तरी सूड उगवायचा होता."

हेरंबचा हात नकळत खिशाकडे गेला. तेवढ्यात चारुता आतून आली, माहेरपण करून आल्यासारखी टवटवीत. तिने त्याच्या खिशातला फोन हलकेच काढून घेतला.

"अहो, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ती लाडाने म्हणाली. "तुमच्या तिथल्या त्या आइनोबाईंशी बोलायचंय मला. बिचारीला अजून वाटतंय, तुमचं लग्नच झालेलं नाही."